बाहेरच्या बाकावरून आत या

पत्र

ताई, माझ्या बायकोचा सातवा महिना संपत आला आहे. आमचं हे पहिलंच बाळ. रुग्णालयात गरोदर बायकांसाठी वर्ग भरतो, तिथे ती दर पंधरा दिवसांनी जाते. मी तिला सोडतो आणि वर्ग सुटेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून फोनवर कामं उरकतो. गेल्या खेपेला ती म्हणाली, "तूही आत ये ना." मी हसून टाळलं, तर घरी येईपर्यंत ती एक अक्षर बोलली नाही. खरं सांगतो, आत सगळ्या बायका असतात, मला अवघडल्यासारखं होतं. शिवाय बाळ तिला होणार, दूध ती पाजणार, मग माझं तिथे काय काम? आई म्हणते, "माझी चार बाळंतपणं झाली, मी कुठल्या वर्गाला गेले होते?" आम्हा तिघा भावंडांना तिनंच तर वाढवलं. आणि काही अडलंच तर डॉक्टर आहेत, फोनवर सगळी माहिती मिळते. मी खरंच आत जायला हवं का? वेळ आली की धावपळ करायला मी आहेच, तेवढं पुरेसं नाही का?

— बाकावरचा एक नवरा

उत्तर

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी तीनचार वेळा वाचलं. वेळ आली की तुम्ही धावाल याबद्दल मला जराही शंका नाही. प्रश्न एवढाच आहे, की वेळ आली हे तुम्हाला कळणार कशावरून?

मी बरीच वर्षं असेच वर्ग घेतले आहेत. त्यातली एक मुलगी मी विसरू शकत नाही. हुशार होती, प्रश्न विचारायची, वहीत सगळं नीट उतरवून घ्यायची. तिचं बाळंतपण सुखरूप झालं आणि ती घरी गेली. सहाव्या दिवशी तिचं डोकं दुखायला लागलं. घरच्यांना वाटलं रात्रीची झोप नाही, म्हणून दुखत असेल. तिलाही तसंच वाटलं. संध्याकाळी ती म्हणाली की डोळ्यांपुढे काजवे चमकतायत. घरच्यांनी खोलीत अंधार केला आणि बाळाला दुसऱ्या खोलीत नेलं, तिला निजता यावं म्हणून. मध्यरात्री तिला झटके आले. ती वाचली, पण अतिदक्षता विभागात बरेच दिवस काढून. नंतर भेटायला गेले तेव्हा तिचा नवरा म्हणाला, "तिची वही कपाटात होती. तुम्ही सांगितलेलं तिनं अक्षर न् अक्षर लिहून ठेवलं होतं. मी ती वही त्या रात्रीनंतर पहिल्यांदा उघडली."

प्रेमात किंवा धावपळीत ते घर कुठेच कमी पडलं नव्हतं. माहितीही घरात होती, पण ती एकट्या तिच्याजवळ होती आणि आजारीही तीच पडली होती. त्यात माझीही चूक होती. तिचा नवरा महिनोन्‌महिने माझ्या वर्गाबाहेर बाकावर बसला होता आणि मी एकदाही दार उघडून त्याला आत बोलावलं नव्हतं. तेव्हापासून बोलावते. म्हणून तुम्हाला सरळ सांगते, आत जा. बायकोच्या आग्रहाखातर नको, तिला सोबत म्हणूनही नको. गरोदरपणातल्या आणि बाळंतपणानंतरच्या कितीतरी धोक्यांमध्ये जिला धोका असतो तिला स्वतःला तो ओळखता येत नाही. अंगावरून फार जायला लागलं की आधी गरगरतं, शुद्ध हरपत जाते. झटक्यांत तर काहीच कळत नाही. नवजात बाळाचं काय सांगावं, त्याला बोलताच येत नाही. ओळखणारा माणूस शेजारीच असावा लागतो.

१९९४ मध्ये सरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोघींनी बाळंतपणातल्या मृत्यूंचा अभ्यास करून एक साधी मांडणी केली. आज ती जगभर शिकवली जाते. त्या म्हणाल्या, उशीर तीन ठिकाणी होतो. जायला हवं हे ठरवण्यात पहिला, तिथे पोहोचण्यात दुसरा आणि पोहोचल्यावर उपचार सुरू होण्यात तिसरा. तिसरा उशीर रुग्णालयानं टाळायचा असतो. पहिले दोन रुग्णालयात पोहोचण्याआधीच होतात. तुम्ही म्हणता ती धावपळ दुसऱ्या उशिरावर उपयोगी पडेल, पण पहिला टळल्याशिवाय ती सुरूच होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२३ मध्ये गरोदरपण आणि बाळंतपण यांच्याशी संबंधित कारणांनी जगात सुमारे २ लाख ६० हजार बायका गेल्या, म्हणजे दिवसाला सातशेहून जास्त. यातले बहुतेक मृत्यू टाळता येण्याजोगे असतात. त्यामागची कारणं वैद्यकशास्त्राला चांगली ठाऊक आहेत आणि त्यांवर उपायही आहेत.

त्या मुलीला जे झालं ते गरोदरपणात वाढणाऱ्या रक्तदाबामुळे. हा आजार विसाव्या आठवड्यानंतर डोकं वर काढतो. रक्तदाब १४०/९० किंवा त्यावर जातो, बहुतेकदा लघवीतून प्रथिनं जायला लागतात, यकृत, मूत्रपिंड आणि मेंदूवर ताण येतो. यात फसवं काय आहे, तर सुरुवातीला काहीही जाणवत नाही. म्हणून तर प्रत्येक तपासणीत दंडाला पट्टा बांधतात. तो आकडा तुम्हीही विचारा, फाइलमध्ये बघा, लक्षात ठेवा. जाणवायला लागतं तेव्हा ते असं असतं: थांबता न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे किंवा धूसर दिसणं, उजव्या बरगडीखाली दुखणं, चेहरा आणि हात अचानक सुजणं. गरोदरपणात पाय थोडे सुजतातच, पण सकाळी उठल्यावर चेहरा ओळखू न येण्याइतका सुजला असेल तर ते वेगळं. यातलं एकही दिसलं तर त्याच वेळी निघायचं, दुसऱ्या दिवसाच्या तपासणीची वाट बघायची नाही. आणि बाळ झालं म्हणजे हा धोका संपला असं समजू नका. पहिला आठवडा जास्त जपायचा, पण सहा आठवड्यांपर्यंत लक्ष ठेवायचं. झटके रोखणारं औषध आहे, मॅग्नेशियम सल्फेट. फार जुनं आणि साधं. २००२ मध्ये तेहेतीस देशांतल्या दहा हजारांहून अधिक बायकांवर त्याची पाहणी झाली, तेव्हा त्यानं झटक्यांचा धोका निम्म्याहून खाली आणल्याचं दिसलं. फक्त ती बाई वेळेत पोहोचायला हवी.

आता रक्तस्रावाबद्दल. बाळंतपणातल्या मृत्यूंचं जगातलं हे सर्वांत मोठं कारण आहे, तेव्हा यावर जरा थांबते. दिवस भरत येतात तेव्हा गर्भाशयाकडे दर मिनिटाला साधारण अर्धा लिटर किंवा त्याहूनही जास्त रक्त जात असतं. वार, म्हणजे पोटात बाळाला पोसणारा अवयव, सुटून बाहेर पडली की तिच्या जागच्या रक्तवाहिन्या उघड्या राहतात. त्या मिटतात त्या गर्भाशय घट्ट आवळलं जातं म्हणून. ते सैल राहिलं, किंवा वारेचा तुकडा आत राहिला, तर रक्त थांबत नाही. बाळ झाल्या झाल्या आईला एका संप्रेरकाचं, म्हणजे हार्मोनचं, इंजेक्शन देतात ते गर्भाशय आवळावं म्हणूनच. बाळाला लगेच छातीशी लावलं की तेच काम शरीर स्वतःही करू लागतं, कारण बाळ दूध ओढतं तेव्हा तेच संप्रेरक स्रवतं. धोका पहिल्या चोवीस तासांत सर्वाधिक, पण घरी आल्यावरही तो असतोच. घरी नेमकं काय बघायचं? तासाभरात पॅड पूर्ण भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, कमी होत आलेलं अंगावरून जाणं एकाएकी वाढलं असेल, ती पांढरीफटक पडली असेल, हातपाय गार लागत असतील, उठताना घेरी येत असेल. यातलं काहीही दिसलं की थेट रुग्णालय. "बाळंतपणानंतर जातंच" या दोन शब्दांनी फार नुकसान केलं आहे. जातं, पण दिवसागणिक कमी व्हायला हवं. आणि तिचं हिमोग्लोबिन आजच बघून ठेवा. ११ च्या खाली असेल तर लोहाच्या गोळ्या ती खरंच घेते की पोट बिघडतं म्हणून डबीत राहतात, हे प्रेमानं विचारा. गोळ्या सोसत नसतील तर डॉक्टर पर्याय देतात, पण त्यांना ते सांगायला हवं. रक्त मुळातच कमी असेल तर थोडासा रक्तस्रावही तिला पेलणार नाही.

पुढच्या दोन महिन्यांत रोज उपयोगी पडेल ती गोष्ट म्हणजे बाळाची हालचाल. अमुक तासांत अमुक लाथा असा आकडा पाठ करायची गरज नाही. सातव्या महिन्यापर्यंत प्रत्येक बाळाची एक तऱ्हा ठरलेली असते. कुणी ती आडवी झाली की जागं होतं, कुणी रात्री. ती तऱ्हा तिच्याइतकी तुम्हालाही माहीत असू द्या. रोज रात्री पोटावर हात ठेवून विचारा, आज कसं आहे? तऱ्हा बदलली, हालचाल मंदावली, की त्याच दिवशी दाखवायचं. दिवस भरत आले की जागा कमी पडते म्हणून बाळ कमी हलतं, असं तुम्हाला अनेक जण सांगतील. हे चूक आहे. हालचालीची ढब बदलते, पण हालचाल शेवटपर्यंत असते. याशिवाय अंगावरून रक्त जाणं, ताप, पोटात सतत दुखणं, कळा नसतानाही पाणी जाणं, सदतिसाव्या आठवड्याआधी कळा सुरू होणं, यातलं काहीही झालं तरी थांबायचं नाही. आणि आता अठ्ठावीस आठवडे उलटून गेलेत, तेव्हा तिनं कुशीवर निजावं. रात्री जाग आली आणि ती उताणी असली तर घाबरायचं कारण नाही, कूस बदलायची आणि पुन्हा झोपायचं.

फोनवर सगळं मिळतं म्हणता, ते खोटं नाही. पण फोनला काय विचारायचं हे आधी सुचावं लागतं. त्या मुलीच्या घरात चार फोन होते. डोकेदुखीला 'झोप नाही म्हणून' असं नाव एकदा देऊन झाल्यावर शोधणार काय? वर्गात बसलेल्या माणसाच्या मनात निदान शंका तरी येते.

बाळ झाल्यानंतरच्या दिवसांबद्दल मला जास्त लिहायचंय, कारण तेव्हा सगळ्यांची नजर बाळाकडे असते आणि आईकडे बघणारं कुणी उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये सांगितलं आहे की सगळं सुरळीत असलं तरी आई आणि बाळ दोघांनी निदान २४ तास रुग्णालयात राहावं आणि पुढे तीनदा तरी तपासणी व्हावी: ४८ ते ७२ तासांत, मग ७ ते १४ दिवसांत आणि नंतर सहाव्या आठवड्यात. या तारखा आत्ताच लिहून ठेवा, कारण तेव्हा दिवस कुठला नि रात्र कुठली हे कळणार नाही. तिला ताप आला, स्रावाला घाण वास यायला लागला, एकाच पायाची पोटरी दुखून सुजली, श्वास लागला, छातीत दुखलं, तर पुढच्या तपासणीची वाट बघायची नाही.

तिच्या मनाकडेही बघायचं. तिसऱ्या दिवसाच्या आसपास ती कारण नसताना रडेल. बहुतेक जणी रडतात. संप्रेरकांची पातळी एकदम उतरते त्याचा हा परिणाम असतो, दोन आठवड्यांत तो ओसरतो. त्यावेळी उपदेश करू नका, बाळ घ्या आणि तिला झोपू द्या. पण दोन आठवड्यांनंतरही ती उदास असेल, बाळ झोपलेलं असतानाही तिला झोप येत नसेल, 'मी चांगली आई नाही' असं पुन्हा पुन्हा म्हणत असेल, कशातच रस उरला नसेल, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. १९८७ पासून यासाठी दहा प्रश्नांची एक साधी प्रश्नावली वापरतात, एडिनबर्ग नावाची. गेल्या सात दिवसांत कसं वाटलं एवढंच तीत विचारतात. सहाव्या आठवड्याच्या तपासणीत ती मागून घ्या. हजारात एकदोन जणींच्या बाबतीत याहून गंभीर काही होतं. पहिल्या दोन आठवड्यांत एकाएकी ती असंबद्ध बोलू लागते, नसलेले आवाज तिला ऐकू येतात, झोपेची गरजच उरत नाही, भलतेसलते संशय येतात. याला कुणी स्वभाव म्हणू नये की नखरा. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं आणि तोवर तिला एकटीला, किंवा बाळासोबत एकटीला, क्षणभरही सोडायचं नाही. हेसुद्धा तिचं तिला कळत नसतं.

आता बाळ. नवजात बाळांचे जवळपास तीन चतुर्थांश मृत्यू पहिल्या सात दिवसांत होतात. तरी घाबरून बाळाकडे बघत बसू नका, काय बघायचं ते शिकून बघा. मला सर्वांत जास्त भीती वाटते ती एका कौतुकाच्या वाक्याची: "किती गुणी आहे, रडतच नाही!" आठवड्याभराचं बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा दूध मागतं. जे उठतच नाही, उठवलं तरी दूध ओढत नाही, हातपाय लुळे टाकून पडतं, ते गुणी नसतं, आजारी असतं. नवजात बाळाच्या जंतुसंसर्गात ताप येईलच असं नाही, कधीकधी अंग उलट गार पडतं. काखेतलं तापमान ३७.५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त झालं, किंवा ३५.५ च्या खाली गेलं, तर दोन्ही सारखंच गंभीर. श्वास मोजायला वर्गात नक्की शिकून घ्या: बाळ शांत असताना, पोट उघडं करून, घड्याळ समोर धरून पूर्ण एक मिनिट. अर्ध्या मिनिटाची दुप्पट करू नका, कारण नवजात बाळ मध्येच भराभर आणि मध्येच थांबून श्वास घेतं. साठ किंवा अधिक भरले तर पुन्हा एकदा मोजा, आणि तेवढेच आले तर निघा. श्वास घेताना बरगड्यांखाली खोल खड्डा पडत असेल, झटके येत असतील, तर मोजत बसू नका, लगेच निघा.

कावीळ निम्म्याहून अधिक बाळांना थोडीफार होतेच, दुसऱ्या तिसऱ्या दिवशी दिसते आणि उतरते. पण पहिल्या चोवीस तासांत दिसली, किंवा कधीही तळहात तळपायांपर्यंत उतरली, तर ताबडतोब दाखवायचं. बघायची ती दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी. बाळ सावळं असेल तर डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्या बघा. दूध पुरतं का, ही शंका पहिल्याच आठवड्यात घरातल्या प्रत्येकाला येते आणि तिच्यापायी कितीतरी बायकांचं अंगावरचं दूध तुटतं. त्याचं उत्तर लंगोटात असतं. पाचव्या दिवसाच्या आसपास बाळ दिवसाला सहा किंवा जास्त वेळा लघवी करत असेल तर दूध पुरतंय. सुरुवातीला वजन दहा टक्क्यांपर्यंत घटू शकतं आणि दोन आठवड्यांत भरून येतं. पहिल्या तासात छातीशी लावायचं, चिकाचं दूध थेंबभरही वाया घालवायचं नाही, सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही. मध तर वर्षभर नकोच, त्यातल्या जंतूंच्या बीजांमुळे तान्ह्या बाळाला लकवा मारणारा आजार होऊ शकतो. आंघोळ चोवीस तासांनंतर, नाळ कोरडी आणि उघडी. हे सगळं वर्गात सविस्तर सांगतील.

'माझं तिथे काय काम' असं तुम्ही विचारलंत. तुमची छातीही उपयोगी आहे, अगदी शब्दशः. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा इथे डॉ. एडगर रे यांच्या रुग्णालयात कमी वजनाच्या बाळांसाठी काचपेट्या अपुऱ्या पडत होत्या. त्यांनी बाळांना आईच्या उघड्या छातीवर, त्वचेला त्वचा लावून ठेवायला सुरुवात केली. नाइलाजानं सुरू झालेली ही गोष्ट आज उत्तम उपचार मानली जाते. २०२१ मध्ये पाच देशांतल्या रुग्णालयांमधला अभ्यास प्रसिद्ध झाला. जन्मानंतर लगेच असं छातीवर ठेवल्यानं खूप कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू पंचवीस टक्क्यांनी घटले. आई शस्त्रक्रियेतून बाहेर आली नसेल, दमली असेल, तर त्या अभ्यासात घरातलंच दुसरं माणूस बाळाला छातीशी धरत होतं. ते माणूस तुम्ही असू शकता. सदरा काढून बाळाला उभं छातीवर घ्यायचं, डोक्यावर टोपी, पाठीवर पांघरूण. पहिल्यांदा धराल तेव्हा बाळ तुमच्या श्वासाच्या लयीत निवांत होताना तुम्हाला जाणवेल.

आणि दारावरही तुम्हीच उभं राहायचं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आधी हात धुवायला सांगणं, सर्दी झालेल्याला नम्रपणे परत पाठवणं, हे बाळंतिणीला जमत नाही, तिला संकोच वाटतो. १८४७ मध्ये व्हिएन्नातल्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्यानं हात धुवायला लावलं आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्यानं खाली आले. तेव्हा मोठमोठ्या डॉक्टरांना याचा राग आला होता. तुमच्याकडच्या पाहुण्यांपैकीही एखाद्याला येईल. येऊ द्या.

आता आईंविषयी. त्यांचं बोलणं तुम्ही त्यांचा वर्गाला विरोध म्हणून सांगितलंय, मला ते तसं वाटत नाही. बाळ कसं धरायचं, रडणं भुकेचं की पोटदुखीचं, बाळंतिणीला कधी काय हवं, हे त्यांच्या हातांना ठाऊक आहे आणि ते कुठल्याच वर्गात पुरतं शिकवता येत नाही. मात्र काही गोष्टी त्यांच्या काळानंतर कळल्या. एके काळी अनेक देशांत डॉक्टरच बाळांना पालथं निजवायला सांगत. पुढे लक्षात आलं की झोपेत अचानक होणाऱ्या मृत्यूंशी त्याचा संबंध आहे. मग १९९१ मध्ये ब्रिटनमध्ये आणि १९९४ मध्ये अमेरिकेत बाळांना उताणं निजवायची मोहीम निघाली आणि असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. आधीच्या आया निष्काळजी होत्या म्हणून काही हे घडत नव्हतं. त्यांना जे सांगितलं गेलं ते त्यांनी मनापासून केलं. आईंना हे अशाच शब्दांत सांगा. बाळ उताणं, सपाट आणि घट्ट गादीवर, उशी नाही, मऊ खेळणी नाहीत, एवढं त्यांनी ऐकलं तरी फार झालं.

तुमच्या पत्रातली आणखी एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. चार बाळंतपणं, असं आई म्हणतात. भावंडं तुम्ही तिघं. मी चुकत असेन तर क्षमा करा. पण माझा अंदाज बरोबर असेल, तर त्या चौथ्या बाळाबद्दल आईंना कधी कुणी विचारलंय का? या वयाच्या कितीतरी बायका माझ्याशी वीसतीस वर्षांनंतर पहिल्यांदा त्याबद्दल बोलल्या आहेत. आमच्या वेळी असलं काही नव्हतं, असं त्या ठामपणे म्हणतात तेव्हा त्यात कधीकधी एक न विचारलेला प्रश्न असतो, तेव्हा कुणी सांगितलं असतं तर? घाईनं विचारू नका, सुनेसमोरही नको. एखाद्या निवांत संध्याकाळी तुम्ही दोघंच असाल तेव्हा विचारा. त्यांनी विषय टाळला तर टाळू द्या. बोलल्या, तर फक्त ऐका. कारणं शोधायला लावू नका आणि 'तेव्हा असं केलं असतं तर' हे शब्द चुकूनही उच्चारू नका. त्यानंतर त्यांना वर्गाला यायला सांगा, शिकायला म्हणून नव्हे तर सोबतीला. मी कितीतरी सासवांना दारापाशी खुर्ची ओढून बसताना आणि तिसऱ्या वर्गाला पहिल्या रांगेत आलेलं पाहिलंय.

चारचौघींत बसून बोलण्यानं काय होतं याचे पुरावे आहेत. नेपाळच्या मकवानपूर जिल्ह्यात गावागावांतल्या बायका दर महिन्याला एकत्र बसून बाळंतपणातल्या अडचणींवर बोलायच्या आणि आपापले उपाय ठरवायच्या. बैठक घ्यायला गावातलीच एक बाई असायची. २००४ मध्ये निष्कर्ष छापून आले, तेव्हा त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू तीस टक्क्यांनी कमी असल्याचं दिसलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना घरोघरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात तिथले नवजात मृत्यू बासष्ट टक्क्यांनी घटलेले होते. गडचिरोलीच्या त्या बायका डॉक्टर नव्हत्या. बघायचं काय आणि निघायचं कधी, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. आणि पुरुषांचं म्हणाल, तर २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंच सांगितलं की गरोदरपण, बाळंतपण आणि नंतरच्या काळजीत त्यांना सामील करून घ्यावं. अट एकच, बाईची निवड आणि तिचा निर्णय डावलला जाता कामा नये. म्हणजे आत जाऊन तिच्या वतीनं तुम्ही उत्तरं द्यायची नाहीत. प्रश्न तिला विचारला असेल तर तिला बोलू द्या. तिला तुमच्यासमोर न बोलण्यासारखं काही असेल, तर स्वतःहून पाच मिनिटं बाहेर जा.

अवघडलेपण पहिल्या दहा मिनिटांत जातं. आतल्या बायका तुमच्याकडे बघतील, हे खरं. त्यातल्या निम्म्या जणी आपल्या नवऱ्याला पुढच्या वेळी आत ओढायचं ठरवत असतील.

पुढच्या वर्गाला जाताना तिची वही आधी एकदा वाचून काढा, आणि आजपासून ती कपाटात न ठेवता सगळ्यांच्या नजरेस पडेल अशा जागी ठेवा. तिचा रक्तगट, शेवटचा रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि प्रसूतीची अंदाजे तारीख एका कागदावर लिहून तुमच्या पाकिटात ठेवा. अडचणीला रक्त द्यायला कोण येईल, रात्री गाडी कुणाची, ती नाही मिळाली तर दुसरी कुणाची, तुम्ही गावाला गेला असाल तर निघायचं कुणी ठरवायचं, हे या आठवड्यात तिघांनी बसून बोला. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी देते: जी किंवा जो घरात असेल त्यानं. तुम्हाला फोन लागायची वाट बघायची नाही. आईंना हे तुम्ही स्वतःच्या तोंडानं सांगा, म्हणजे त्या थांबणार नाहीत.

आणि वर्ग सुटल्यावर तिथल्या सिस्टरना विचारा, रात्री दोन वाजता आलो तर कुठलं दार उघडं असतं. त्या दाखवतील. तिघंही त्या दारापर्यंत एकदा चालत जाऊन या.